कर्नाटकचा आंबा खरं सांगून विकला तर तोटा होतो का?

पहिल्या हंगामात थोडा होतो, पुढे नाही. पुण्यात १५ वर्षं आंबा विकतोय, त्यावरून सांगतो. कर्नाटकच्या पेटीला देवगडचं नाव दिलं की दिवसभर जिवाला घोर. गिऱ्हाइकाने घरी फळ कापलं, साल जाड निघाली, आत केशरीऐवजी पिवळं दिसलं, की तो परत येतो तो भांडायलाच. त्यापेक्षा सरळ म्हणायचं, ‘ताई, हा कर्नाटकचा, आमरसाला घ्या. देवगड हवा तर हा, पण महाग पडेल.’ बऱ्याच जणी दोन्ही नेतात, आणि पुढच्या वर्षी जावेला घेऊन येतात.

समाजाचा फायदा याहून मोठा. सगळेच खोटं बोलू लागले की लोक अस्सल मालालाही भाव देत नाहीत आणि कोकणातला बागायतदार मार खातो. बाजाराचं हेच दुखणं मांडणाऱ्या जॉर्ज अकरलॉफ यांना २००१ साली अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. कोकणच्या हापूसला २०१८ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकनही नावाची चोरी थांबवण्यासाठीच आहे.

फक्त एक, माल कुठला हे आधी तुम्हाला पक्कं माहीत हवं. अडत्याच्या तोंडी शब्दावर विसंबू नका, पावती घ्या. खात्री नसेल तर गिऱ्हाइकाला तसंच सांगा.