मेकॅनिक्समध्ये संशोधन करायचं असेल तर आधी कोणतं सॉफ्टवेअर शिकावं?

तुम्ही लिहिलंय की शिरपूरकडचे आहात, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि पुढं सॉलिड मेकॅनिक्समध्ये, म्हणजे घन वस्तू जोराखाली कशा वाकतात-तुटतात या विषयात, संशोधन करायचं मनात आहे. लॅपटॉप 8 जीबीचा आहे. अ‍ॅन्सिस शिकू की अबॅकस (दोन्ही वस्तूवर किती ताण येतो ते संगणकावर काढणारी सॉफ्टवेअरं), असं विचारलंय. आणि घरचे म्हणतात, त्यात पैसा नाही. मी यावल तालुक्यातला. पदवी जळगावात केली, आता पुण्यात स्ट्रेस अ‍ॅनालिसिसचं काम करतो. याच प्रश्नांतून गेलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअरचं नंतर बघू. आधी हे सांगा, स्क्रीनवर आलेला आकडा खरा की खोटा, हे तुम्हाला ओळखता येतं का?

पहिल्या नोकरीत मला एक लोखंडी ब्रॅकेट तपासायला दिला होता. त्याचा आतला कोपरा अगदी काटकोनी, गोलाई अजिबात नाही. मेश लावली, म्हणजे भागाचे छोटे-छोटे तुकडे (एलिमेंट) पाडले, कोपऱ्यावर ताण आला 180 मेगापास्कल. एलिमेंट निम्म्या मापाचे केले, 245 आला. पुन्हा निम्मे केले, 335. मला वाटलं, मेश जितकी बारीक तितकं उत्तर खरं. शेवटचा आकडा रिपोर्टात टाकला आणि कारखान्यानं पत्रा जाड केला. पुढं एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं कागद-पेन घेऊन समजावलं की इलॅस्टिसिटीच्या (लवचिकतेच्या) गणितात अशा धारदार आतल्या कोपऱ्यावर ताण अनंतच असतो. मेश कितीही बारीक करा, आकडा वाढतच जाणार. प्रत्यक्षात कोपऱ्याला थोडी तरी गोलाई असते. मॉडेलमध्ये ती दिली की आकडा एका जागी बसतो. माझ्यामुळं किती किलो लोखंड फुकट गेलं, ते अजून डोक्यातून जात नाही. सॉफ्टवेअरनं चूक केली नव्हती. मी विचारलं त्याचंच उत्तर त्यानं दिलं होतं.

म्हणून आधी उत्तर माहीत असलेली गणितं सोडवा. गोल छिद्र असलेली पाटी (प्लेट) ओढली तर छिद्राच्या काठावर ताण बाकी पाटीतल्या ताणाच्या तिप्पट होतो, हे किर्श या जर्मन इंजिनिअरनं 1898 मध्ये दाखवलं. पाटी छिद्राच्या दहापट रुंद घ्या, तुमचा आकडा 3 च्या आसपास यायलाच हवा. मग एक लांब, बारीक बीम घ्या, जाडीत एकच थर ठेवून साधे आठ नोडचे (आठ कोपऱ्यांचे ठोकळ्यासारखे) एलिमेंट फुल इंटिग्रेशननं (सॉफ्टवेअरमधला हिशोबाचा एक पर्याय) लावा. बीम खऱ्यापेक्षा कितीतरी ताठ निघेल. त्याला शिअर लॉकिंग म्हणतात. हे एकदा स्वतःच्या हातून घडलं की जन्मभर लक्षात राहतं. आणि आपल्या जळगावात जो पीव्हीसीचा पाइप गल्लोगल्ली दिसतो, त्याचंही करा. 110 मिमी व्यास, 3 मिमी जाडी, चौरस सेंटीमीटरला 6 किलोचा दाब. कागदावर दोन ओळींत भिंतीतला ताण साधारण 11 मेगापास्कल येतो. मॉडेलनं वेगळं काही दाखवलं तर मॉडेलवर संशय घ्या. पुढं हाच पाइप मेच्या उन्हात तापला की पीव्हीसी नरम पडतो, दाबाखाली वर्षानुवर्षं हळूहळू ताणत राहतो. तिथं साधं सूत्र पुरत नाही, आणि संशोधन तिथूनच सुरू होतं.

आता सॉफ्टवेअर. विकतचं घेऊ नका, चोरीचं तर मुळीच नको. कॅल्क्युलिक्स फुकट आहे आणि त्याची इनपुट फाइल बरीचशी अबॅकससारखीच लिहितात, त्यामुळं उद्या कंपनीत अबॅकस समोर आलं तरी परकं वाटणार नाही. मेशसाठी जीमेश, निकाल बघायला पॅराव्ह्यू. फ्रीकॅडमधूनही कॅल्क्युलिक्स चालतं. अ‍ॅन्सिसची विद्यार्थी आवृत्ती फुकट मिळते, फक्त मॉडेलच्या आकाराला मर्यादा असते. वर सांगितलेल्या सगळ्याला 8 जीबी भरपूर झाली. पण यातलं काहीही उघडण्याआधी पायथॉनमध्ये स्वतःचा ट्रसचा (दांड्या जोडून केलेल्या सांगाड्याचा) प्रोग्रॅम लिहा. शंभर-दीडशे ओळींत होतो. स्टिफनेस मॅट्रिक्स (सांगाड्याच्या ताठपणाच्या आकड्यांचा तक्ता) आपल्या हातानं जुळवली की आत काय चाललंय ते कळतं.

पैशाचं घरी सांगता येईल असं सांगतो. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक.ला गेलात तर महिन्याला 12,400 रुपये मिळतात. पीएच.डी.ला जेआरएफ ही शिष्यवृत्ती 2023 पासून महिन्याला 37,000 आहे, वर घरभाडं. घर चालवायला थोडं आहे, पण घरून पैसे मागवावे लागत नाहीत. आयआयटी दिल्लीत अप्लाइड मेकॅनिक्स नावाचाच विभाग आहे, मद्रासला ते बायोमेडिकलसोबत आहे. आयआयटी मुंबईत आणि बंगळूरच्या आयआयएस्सीत हेच काम मेकॅनिकल, सिव्हिल, एरोस्पेसमध्ये विभागलेलं सापडेल. जागा बघताना संस्थेच्या नावाआधी गाइडचे गेल्या चार-पाच वर्षांतले पेपर वाचा. त्यांचे जुने विद्यार्थी आज कुठं आहेत, ते नक्की विचारा. संशोधन नाही जमलं तरी पुण्यात वाहन उद्योगात अशा कामाला मागणी आहे.

विषय कुठून आणू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. माझ्या वडिलांची केळी आहे. मे-जूनच्या वादळात बागच्या बाग आडवी होते, म्हणून घड भरला की बांबूचा टेकू देतात. टेकू किती उंचीवर द्यायचा, हे जो तो अंदाजानं ठरवतो. घड 25 किलोचा आणि खोडापासून 40 सेंमी बाहेर लटकलेला धरला तर वारा नसतानाही खोडाच्या बुडाशी साधारण 100 न्यूटन-मीटरचा मोमेंट (वाकवणारा जोर) येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, पण केळीचं पान फाटतं, म्हणून तो तितका वाढत नाही. खोड भरीव लाकूड नाही, पानांच्या देठांच्या बुडांचे पोकळ थर एकमेकांवर गुंडाळलेले असतात. पोकळ नळी वाकताना चपटी होते आणि कमकुवत पडते, हे ब्रेझियर या संशोधकानं 1927 मध्ये मांडलं. केळीच्या खोडात तसं कितपत होतं? हा प्रश्न आपल्या बांधावरचा आहे.

घड काढल्यावर खोड तसंही कापतात. कापण्याआधी दीड मीटर उंचीवर दोरी बांधा, मध्ये वजनकाटा अडकवा आणि ओढा. 5 किलोला खोड किती सरकलं, 10 ला किती, ते पट्टीनं मोजून लिहून ठेवा. पाच-सहा खोडांचे आकडे झाले की इथंच टाका, त्यावरून खोडाचा ताठपणा कसा काढायचा ते मी दाखवतो.