परदेशी जाण्यापूर्वी मोफत ग्रुप व्हिडिओ कॉलची व्यवस्था

आपण विचारले आहे की, तीन महिन्यांनी नोकरीसाठी परदेशी गेल्यावर घरच्या मंडळींशी आणि मागे चालू राहणाऱ्या कामातील सहकाऱ्यांशी एकत्र बोलण्यासाठी पैसे न भरता चालणारे कोणते ॲप घ्यावे. नऊ वर्षे परदेशात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोन्हींसाठी एकच ॲप शोधण्याच्या नादी लागू नये. घरासाठी एक आणि कामासाठी वेगळे ठेवावे आणि दोन्ही निघण्यापूर्वी नीट चालवून पाहावीत.

घरासाठीचे ॲप आपल्या सोयीने न निवडता घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीच्या सवयीने निवडावे. मी हौसेने आईवडिलांना स्काइप शिकवले होते. 2025 च्या मे महिन्यात ते बंद झाल्यावर सारी शिकवणी नव्याने, तीही दुरून, करावी लागली. घरी व्हॉट्सॲप रुळलेले असेल तर तेच पुरे, कारण त्यात एका कॉलवर 32 जण येऊ शकतात आणि वेळेचे बंधन नाही. मात्र आपण जाणार त्या देशाचे नियम आधी पाहावेत. चीनमध्ये व्हॉट्सॲप आणि गूगल मीट दोन्ही अडवलेली आहेत, तर संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण कॉलवर निर्बंध आहेत.

कामासाठी झूम किंवा गूगल मीट बरे, कारण लिंक पाठवली की समोरच्याला आपला खासगी फोन नंबर द्यावा लागत नाही. दोन्हींच्या मोफत योजनेत 100 जणांपर्यंत सहभागी होता येते. झूमची बैठक 40 मिनिटांनी संपते आणि मीटवर तीन किंवा अधिक जण असले की 60 मिनिटांची मर्यादा लागते. कामाच्या बैठकीला ही मर्यादा उपकारकच ठरते, असा माझा अनुभव आहे. घरच्या गप्पांना ती जाचते, कारण वडील मुद्द्यावर येतात आणि नेमका तेव्हाच पडदा काळा होतो.

आता ज्या गोष्टीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, ती सांगतो. परदेशात उतरल्यावर नव्या फोनवर मी ईमेल खाते उघडू लागलो, तेव्हा पडताळणीचा ओटीपी जुन्या नंबरवर गेला आणि त्या सिमचे रोमिंग मी सुरूच केले नव्हते. खाते उघडेना, त्यामुळे बैठकीच्या लिंकही हाती येईनात, आणि पहिला आठवडा मी शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप पाठवण्यात घालवला. म्हणून जुने सिम चालू ठेवावे, त्यावर परदेशात एसएमएस येतो याची खात्री करावी, दुहेरी पडताळणीसाठी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे एसएमएसशिवाय फोनवरच कोड तयार करणारे ॲप, लावावे आणि बॅकअप कोड, म्हणजे अडचणीच्या वेळी खाते उघडण्यासाठी आधीच मिळणारे कोड, कागदावर लिहून सोबत न्यावेत. व्हॉट्सॲपचा नंबर लगेच बदलण्याची गरज नाही. जुन्या नंबरावरचे खाते परदेशी सिम असलेल्या फोनवरही चालते. तो नंबर कायमचा बंद करणार असाल तर मात्र आधी ॲपमधील नंबर बदलून घ्यावा, कारण बंद झालेला नंबर कालांतराने दुसऱ्या कोणाला दिला जातो.

घर भाड्याने घेताना इंटरनेटचा केवळ डाउनलोडचा वेग विचारू नये. आपला चेहरा समोरच्याला स्पष्ट दिसणे अपलोडवर अवलंबून असते आणि जाहिरातीत तो आकडा बहुधा बारीक अक्षरांत असतो. आवाज तुटू लागला तर प्रथम स्वतःचा कॅमेरा बंद करावा. आवाजाला डेटा फार थोडा लागतो.

वेळेचेही एक त्रांगडे आहे. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे सरकते आणि युरोपात शेवटच्या, तर कित्येक देशांत ते सरकतच नाही. त्यामुळे कामाच्या बैठकीची वेळ कॅलेंडरमध्ये कोणत्या शहराच्या घड्याळाने लावली आहे, हे सर्वांना आधीच कळवावे.

शेवटी घरच्या कॉलविषयी एक. आमच्याकडे दर रविवारी आठ जण जमतात, सर्व एकदम बोलतात आणि आई हसत ऐकत बसते. तिचा गुडघा चार महिने दुखत होता, हे मला या कॉलवर कधीच कळले नाही. एका बुधवारी मी तिला एकटीला फोन केला, तेव्हा तिने ते सांगितले.