‘मार्गदर्शन करणे’ला दुसरा शब्द कोणता?

ऑफिसातल्या साहेबांच्या निरोप समारंभाचं भाषण लिहिताय आणि दर वाक्याला ‘मार्गदर्शन केले’ येतंय, म्हणून दुसरे शब्द हवेत, असं तुम्ही लिहिलंय. शब्द भरपूर आहेत, पण एकाच्या जागी दुसरा बसेलच असं नाही. मी एवढंच बघतो, की दाखवणारा सोबत चालतो का?

२०२३ च्या डिसेंबरात दादरला मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलून ८ ते १४ झाले. जुने आकडे डोक्यात असलेली माणसं तेव्हा पुलावर थबकायची. एका आजोबांना कल्याणची गाडी हवी होती. मी हात करून जिना दाखवला. मागून आलेल्या कॉलेजच्या मुलीने मात्र त्यांची पिशवी घेतली, त्यांच्यासोबत खाली उतरली आणि त्यांना डब्यात बसवून दिलं. मी ‘वाट दाखवली’, तिने ‘नेऊन सोडलं’. दोन्हीला ‘मार्गदर्शन’ म्हटलं तर तिचे कष्ट त्या शब्दात कुठेच उरत नाहीत.

‘नेता’ हा शब्द ‘नेणे’च्याच घरातला, संस्कृत ‘नी’ धातूचा. उपदेश, आदेश, निर्देश आले ‘दिश्’वरून, म्हणजे दाखवणे. तिथे बोट पुढे होतं, पाय जागेवरच असतात.

‘बोट धरून शिकवणे’ मला सगळ्यांत जवळचं वाटतं, कारण त्यात चाल शिकणाऱ्याची असते. मोठा माणूस आपला वेग कमी करतो. ‘वळण लावणे’ दीर्घकाळचं, सवयींबद्दलचं. ‘सरांनी कामाला वळण लावलं’ हे वाक्य भाषणात छान बसेल. ‘कान टोचणे’ चूक झाल्यावरचं. ‘मार्गी लावणे’ म्हणजे रखडलेलं काम किंवा आयुष्य सुरळीत करून देणे. ‘वाटेला लावणे’ मात्र टाळा, त्यात कटवल्याचा अर्थ येतो.

साहेबांनी नेमकं काय केलं, ते आधी आठवा. शेजारी खुर्ची ओढून तुमची पहिली फाइल तपासून घेतली असेल, तर ‘शेजारी बसून शिकवलं’ असंच लिहा. अडचणीत फोनवर दोन शब्द सांगितले असतील, तर ‘सल्ला दिला’. शेवटच्या आभाराच्या वाक्यात ‘मार्गदर्शन लाभले’ खुशाल राहू द्या, तिथे ते शोभतं.