गुळाचा साबण मधोमध का चिरला?

प्रश्न : खोबरेल तेलाच्या साबणात फेस वाढावा म्हणून दोन चमचे गूळ घातला. साचा टॉवेलात गुंडाळला, तर साबण मधोमध चिरला आणि तपकिरी चिकट पाणी सुटलं. काय चुकलं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : गुळानं फेस वाढतो हे खरं, पण साखरेमुळे मिश्रण जास्त तापतं. त्यात टॉवेलची ऊब! सुटलेल्या पाण्यात कॉस्टिक सोडा (तेलाचा साबण करणारा, त्वचा भाजणारा क्षार) असू शकतो, उघड्या हातानं पुसू नका.

पुढच्या वेळी खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगतेल १५० आणि एरंडेल ५० ग्रॅम घ्या. त्याला कॉस्टिक सोडा ७५ ग्रॅम. सगळं, पाणीसुद्धा, वजनकाट्यावर मोजायचं. वाटी-चमच्याचं माप इथं चालत नाही. या प्रमाणात सुमारे ८ टक्के तेल साबण न होता मोकळं राहतं, म्हणून त्वचा ओढत नाही. सोडा १२० ग्रॅम पाण्यात हळूहळू टाका. सोड्यावर पाणी कधीच नाही. हातमोजे, चष्मा हवाच. भांडं स्टीलचं घ्या, ॲल्युमिनियमला सोडा खातो. गूळ फक्त ५ ग्रॅम, वेगळ्या ३० ग्रॅम पाण्यात विरघळवून तेलात घाला. दोन्ही मिश्रणं ४० अंशांच्या आसपास आली की एकत्र करून पातळ पिठल्यासारखं होईतो घुसळा. साचा उघडाच ठेवा.

वड्या पाडून ४ ते ६ आठवडे वाळवा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात जास्तच, तेही पंख्याखाली. वर पांढरी भुकटी आली तर ती सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा. धुतली की जाते.