वाचकांचे प्रश्न : मॉडेल रेल्वेवरची वर्क ट्रेन

या अंकात एकाच विषयावरचे पाच प्रश्न घेतले आहेत. अमेरिकन धर्तीच्या एचओ लेआउटवर (मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर), म्हणजे १:८७ प्रमाण आणि १६.५ मिमी रूळमापावर, रूळ-देखभालीची गाडी, म्हणजे वर्क ट्रेन, कशी जुळवायची हा तो विषय.

प्रश्न : माझ्या लेआउटवर १९५५ च्या सुमाराची अमेरिकन शाखा-लाइन आहे. सर्वांत लांब सायडिंग (मुख्य मार्गालगतचा बाजूचा रूळ) दीड मीटरचं. वर्क ट्रेनमध्ये कोणते डबे घ्यावेत आणि कोणत्या क्रमाने? (नाशिक)

डबे निवडण्याआधी गाडीचं काम ठरवा. अपघातानंतर धावणारी क्रेनची गाडी, खडी टाकणारी गाडी आणि महिनोन्‌महिने एका जागी मुक्काम करणाऱ्या कामगारांच्या गँगची गाडी या तीन वेगळ्या गाड्या आहेत. तिन्हींतलं थोडं थोडं उचललं की प्रदर्शनातली रांग तयार होते, कामाची गाडी होत नाही. शाखा-लाइनसाठी रूळ आणि स्लीपर बदलणारी छोटी गाडी सर्वांत शोभेल.

क्रम असा ठेवा : जीपी-७ डिझेल इंजिन, खडीचा हॉपर (तळातून माल सोडणारा डबा), रूळ भरलेला ४१ फुटी गोंडोला (कठड्यांचा उघडा डबा), क्रेन, बूमखालचा फ्लॅट (क्रेनच्या लांब हाताखाली चालणारा सपाट डबा), हत्यारांचा बॉक्सकार (बंद मालडबा), गँगच्या झोपण्याचा डबा आणि शेवटी कबूस (गार्डचा डबा). कपलरांसह (डबे जोडणाऱ्या आकड्यांसह) ही गाडी साधारण १.२ मीटर भरते. उरलेले ३० सेंमी दोन्ही टोकांच्या सांध्यांपासून मोकळं राहायला लागतातच, तेव्हा आणखी एक डबा जोडण्याचा मोह टाळा.

या क्रमामागे कारणं आहेत. क्रेन हलवताना बूम मागच्या दिशेला असावी, असा दंडक अनेक रेल्वेंमध्ये होता. म्हणून बूमखालचा फ्लॅट क्रेनच्या मागे येतो. कामाच्या जागी क्रेन वळते आणि पुढच्या गोंडोलातून रूळ उचलते, म्हणून गोंडोला तिला लागून हवा. जुने लाकडी सांगाड्याचे डबे गाडीच्या मधोमध आले तर पुढच्या-मागच्या वजनाची सगळी ओढाताण त्यांच्यावर येते, म्हणून ते कबूसजवळ. गँग रोज संध्याकाळी गावात परतते असं धरलं असेल तर झोपण्याचा डबा चक्क वगळा. गाडी जास्त खरी वाटेल.

जॉर्डन स्प्रेडर पुढे कधीतरी अवश्य घ्या. हॉपरने टाकलेली खडी दोन्ही बाजूंना पसरवणारं हे यंत्र दिसायला फार देखणं असतं. मात्र प्रवासात त्याचे पंख पूर्ण मिटलेले हवेत, नाहीतर पहिल्याच सिग्नलच्या खांबाला धडक बसेल.

प्रश्न : क्रेन एकटी व्यवस्थित धावते, पण मागे बूमचा फ्लॅट जोडला की २२ इंच त्रिज्येच्या वळणावर तो फ्लॅट घसरतो. चाकं आणि रूळ तपासून झाले. (डोंबिवली)

दोष बहुधा बूममध्ये आहे. वळणावर क्रेन सरळ राहते, मागचा फ्लॅट रुळाबरोबर वळतो, आणि बूमचं टोक रुळाच्या मध्यरेषेपासून बाहेर सरकतं. किती, ते काढता येतं : क्रेनच्या मध्यापासून बूमच्या टोकापर्यंतच्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला त्रिज्येच्या दुपटीने भागा. टोक १२० मिमीवर असेल तर २२ इंची, म्हणजे ५५९ मिमीच्या वळणावर ते सुमारे १३ मिमी बाहेर जातं. १८ इंचीवर जवळजवळ १६ मिमी, ३० इंचीवर साडेनऊ. फ्लॅटची निम्मी रुंदी साधारण १६ मिमी असते. म्हणजे २२ इंची वळणावरही बूमचं टोक स्वतःच्या जाडीसह फ्लॅटच्या कडेच्या किंचित बाहेर डोकावणार. हे नैसर्गिक आहे आणि खऱ्या क्रेनचंही असंच होतं. शेजारच्या रुळावरची गाडी आणि बोगद्याचं तोंड मात्र त्या हिशेबाने तपासून घ्या.

बूम फ्लॅटवर अडकलेली असेल तर हे १३ मिमी जायला जागा मिळत नाही आणि ती हलक्या फ्लॅटलाच ढकलून रुळाबाहेर काढते. तीन ठिकाणी पाहा. बूमच्या टेकूला दोन्ही बाजूंनी कान असतील तर ते कापून टाका. टेकू फ्लॅटच्या पूर्ण रुंदीचा, सपाट आणि गुळगुळीत हवा. हूक हलू नये म्हणून तो फ्लॅटला ताणून बांधलेला असेल तर दोरा सोडा, किमान १५ मिमी ढील ठेवा. आणि बूम टेकूवर टेकवूच नका. क्रेनची केबिन प्रवासात सरळ रेषेत पक्की करा आणि बूम टेकूच्या १ मिमी वर तरंगती ठेवा. फुटभर अंतरावरून ती टेकलेलीच दिसते.

ही १ मिमीची फट चढावरही उपयोगी पडते. चढ सुरू होताना क्रेनचं तोंड वर उचललं जातं आणि मागे असलेलं बूमचं टोक खाली येतं. ३ टक्क्यांचा चढ ३०० मिमी अंतरात हळूहळू सुरू केला असेल तर टोक पाऊण मिमीहून कमी खाली येतं. चढ एकदम मोडून सुरू होत असेल तर फट पुरणार नाही. तिथे रूळच दुरुस्त करा, टेकू आणखी खाली नेऊ नका.

दोऱ्याविषयी थोडं. साधा सुती दोरा पावसाळ्यात दमट हवेने आखडतो आणि बूम वर ओढतो. त्यावरचे तंतूही डोळ्यांत भरतात. काळा पॉलिस्टर दोरा मेणावरून दोन-तीनदा ओढून घ्या आणि मग ओवा.

प्रश्न : फ्लॅट आणि रिकामे गोंडोला फार हलके आहेत. वजन किती असावं आणि ते लपवायचं कुठे? (पुणे)

एनएमआरएची (अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेची) शिफारस अशी : एचओ डब्याला मुळात १ औंस, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. ग्रॅममध्ये २८ अधिक प्रत्येक इंचाला १४. चाळीस फुटी डबा साडेपाच इंच भरतो, म्हणजे त्याचं वजन सुमारे १०६ ग्रॅम हवं. बाजारातून आलेला प्लास्टिकचा फ्लॅट अनेकदा याच्या निम्माच असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर प्रत्येक डबा तोला आणि वजन तळाला पेन्सिलीने लिहून ठेवा.

बॉक्सकारमध्ये काम सोपं आहे. टायरच्या दुकानात व्हील बॅलन्सिंगची ५ आणि १० ग्रॅमची चिकटणारी वजनं मिळतात, ती दोन्ही बोग्यांच्या (डब्याखालच्या चाकांच्या सांगाड्यांच्या) बरोबर वर समसमान लावा. फ्लॅटला ती जाड पडतात. तिथे दीड मिमी जाडीच्या शिशाच्या पत्र्याचा २५ × १०० मिमी तुकडा तळाशी बसवा. त्याचं वजन सुमारे ४२ ग्रॅम होतं. शिसं पांढऱ्या फेव्हिकॉलने कधीही चिकटवू नका. बंद जागेत त्या गोंदाबरोबर शिसं हळूहळू गंजून फुगतं आणि काही वर्षांत डब्याचा तळ फुटतो. इपॉक्सी वापरा, आणि शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा.

वजन भरूनही डबा डुलत असेल तर बोग्यांचे स्क्रू पाहा. एका बोगीचा स्क्रू इतका आवळा की ती वळेल पण डावी-उजवीकडे झुकणार नाही. दुसरीचा अर्धा फेरा सैल ठेवा, म्हणजे ती झुकेलही. दोन्ही आवळल्या की चौथं चाक हवेत राहतं. यानंतर केडी कंपनीच्या २०५ गेजवर (उंची तपासायच्या मापावर) कपलरची उंची बघा. मधली रेषा रुळाच्या माथ्यापासून २५/६४ इंच, म्हणजे ९.९ मिमीवर हवी. कपलर खाली असेल तर बोगी आणि डबा यांच्यामध्ये फायबरचा पातळ वॉशर घाला. खालची वाकडी पिन सांध्यात अडकत असेल तर ती किंचित वर वाकवा, ओढून कापू नका.

प्रश्न : वर्क ट्रेनचे डबे इतके जुनाट का दाखवतात? रंग कोणता द्यावा? (न्यू जर्सी)

हे डबे सहसा स्वतःच्या रेल्वेची हद्द सोडत नाहीत. दुसऱ्या कंपनीच्या रुळांवर जाणाऱ्या डब्यांना सामाईक नियम लागू होते. पट्ट्या जोडून केलेल्या आर्च बार बोग्या त्या नियमांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला बाद झाल्या. घरातच राहणाऱ्या कामाच्या डब्यांखाली मात्र त्या पुढेही दिसत राहिल्या. म्हणून १९५५ च्या गाडीत हत्यारांच्या डब्याखाली आर्च बार बोगी आणि शेजारच्या हॉपरखाली ओतीव पोलादाची बोगी हे मिश्रण अगदी बरोबर आहे.

झोपण्याच्या डब्यासाठी सैनिकांचा ट्रूप स्लीपर घ्या. पुलमन-स्टँडर्डने १९४३ पासून असे सुमारे २,४०० डबे बांधले. युद्धानंतर ते विकले गेले आणि अनेक रेल्वेंनी कामगारांच्या डब्यांसाठी घेतले.

रंगाचा एकच नियम नाही. करडा, तांबूस, पिवळा, रुपेरी, सगळं आढळतं. एक रेल्वे निवडा आणि तिची त्या काळातली छायाचित्रं पाहा. क्रमांकाचीही तीच गोष्ट : सदर्न पॅसिफिकच्या डब्यांवर ‘एसपीएमडब्ल्यू’ असे, न्यूयॉर्क सेंट्रल क्रमांकाआधी ‘एक्स’ लावी. जुना मालडबा कामाला लावलेला दाखवायचा तर जुन्या अक्षरांवर ताज्या रंगाचा चौकोन मारा आणि त्यावर नवा क्रमांक टाका. हा एवढासा चौकोन गंजाच्या दहा थरांपेक्षा जास्त सांगतो.

प्रश्न : रूळ, स्लीपर आणि खडीचा माल घरी कसा करावा? आणि ही गाडी लेआउटवर चालवायची कशी? (बेंगळुरू)

अमेरिकन रुळाची जुनी प्रमाण लांबी ३९ फूट, कारण तो ४० फुटी डब्यात मावतो. तुमच्या कोड ८३ (०.०८३ इंच उंचीच्या) फ्लेक्स ट्रॅकचे, म्हणजे हवा तसा वाकवता येणाऱ्या तयार रूळमार्गाचे, उरलेले रूळ १३६ मिमीवर कापा आणि थरांमध्ये आडव्या काड्या घालून रचा. धातूच असल्याने गोंडोलाला वजनही मिळतं.

स्लीपर साडेआठ फूट लांब, ९ इंच रुंद, ७ इंच जाड. प्रमाणात ३० × २.६ × २ मिमी. आइस्क्रीमची लाकडी काडी जवळपास २ मिमी जाडच असते. ती उभी चिरून तीन पट्ट्या काढा आणि प्रत्येकीचे तीन तुकडे करा, एका काडीत नऊ स्लीपर होतात. काळी शाई आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पातळ करून त्यात बुडवा. रचताना थोडे वाकडेतिकडे टाका. उतरवलेले जुने स्लीपर दाखवायचे तर ते करडे ठेवा आणि काहींची टोकं फोडा.

खऱ्या खडीचा अडीच इंची दगड या प्रमाणात पाऊण मिमीचाही होत नाही. बारीक चाळणीने चाळा आणि आधी चुंबक फिरवा. लोहकण राहिले तर ते इंजिनाच्या मोटरमध्ये जातात. हॉपरच्या आकाराचा फोम कापून त्यावर खडी पसरा. एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एक थेंब असं मिश्रण ड्रॉपरने सोडा. माल उचलून काढता येईल असाच ठेवा.

चालवण्यासाठी त्या काळातली ‘वर्क एक्स्ट्रा’ची, म्हणजे वेळापत्रकाबाहेरच्या कामाच्या गाडीची, पद्धत घ्या. डिस्पॅचर (गाड्यांची वाहतूक सांभाळणारा अधिकारी) लेखी आदेश देतो : अमुक क्रमांकाचं इंजिन सकाळी ७ ते दुपारी ३, अमुक दोन स्थानकांच्या दरम्यान काम करील. इंजिनावर पांढरे झेंडे लावा. त्या हद्दीत गाडी पुढे-मागे कितीही हलू शकते, पण वेळापत्रकातली प्रवासी गाडी येण्याआधी तिला सायडिंगमध्ये शिरावंच लागतं. एकाने वर्क ट्रेन घ्यावी, दुसऱ्याने प्रवासी गाडी, आणि लेआउटचं घड्याळ चौपट वेगाने ठेवावं. क्रेनसह मागे ढकलत सायडिंगमध्ये शिरायला किती मिनिटं लागतात ते आधी एकदा मोजून ठेवा, आणि आदेशात तेवढा अवधी धरा.