बेळगावच्या बायकांचं ‘मी आलो’

प्रश्न विचारणारी मुलगी खानापूर तालुक्यातली, सध्या पुण्यात शिकते. ‘मी आत्ताच आलो’ असं ती बोलून गेली आणि खोलीतल्या मैत्रिणी हसल्या. आपल्याकडे बायका स्वतःबद्दल आलो, गेलो, जातो म्हणतात ते अशुद्ध आहे का, आणि ते कानडीमुळे झालं का, असं तिनं विचारलंय.

अशुद्ध मुळीच नाही. माझी आई, आज्जी, शहापुरातल्या आमच्या गल्लीतल्या सगळ्या बायका असंच बोलत आल्या. मीसुद्धा घरात ‘बाजाराला जाऊलालो गे’ म्हणते. लिहिताना तेवढं ‘जाते’ लिहिते. चूक कशाला म्हणायची? जी ऐकताच त्याच बोलीतलं माणूस टोकतं, तिला. आमच्याकडे कुणी ‘ती आला’ म्हणालं तर लहान पोरसुद्धा सुधारेल. बाईच्या ‘मी आलो’ला कुणीच अडवत नाही, कारण तो तिथला नियम आहे.

आता हे रूप उकलून बघू. ‘आलो’मध्ये तीन तुकडे आहेत: ‘आ’ म्हणजे येणं, ‘ल’ म्हणजे झालेली गोष्ट, आणि शेवटचा ‘ओ’. अर्थ बाळगणाऱ्या अशा सगळ्यात लहान तुकड्याला भाषाविज्ञानात रूपिम म्हणतात. प्रमाण मराठीत हा एवढासा ‘ओ’ दोन ओझी वाहतो: बोलणारा ‘मी’ आहे आणि तो पुरुष आहे. आपल्या बोलीत त्यानं दुसरं ओझं खाली ठेवलंय. तिथं ‘ओ’ म्हणजे फक्त ‘मी’. म्हणून बेळगावची बाई पुरुषासारखं बोलते हे म्हणणंच मला पटत नाही. ते रूप आपल्याकडे पुल्लिंगी राहिलेलंच नाही.

कानडीचं म्हणाल तर संबंध उघड दिसतो. कानडीत ‘अवनु बंदनु’, ‘अवळु बंदळु’ असा तो-तीचा भेद आहे. पण ‘नानु बंदे’ (मी आलो किंवा आले) बाप्या आणि बाई दोघंही म्हणतात. यात एक गंमत बघण्यासारखी आहे. ‘बंदे’च्या शेवटी ‘ए’ आहे, म्हणजे नुसत्या आवाजाची नक्कल झाली असती तर आपले पुरुषही ‘मी आले’ म्हणू लागले असते! आवाज आला नाही, साचा आला. मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये गम्पर्झ आणि विल्सन या अभ्यासकांना असंच सापडलं होतं. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात गावातल्या मराठी, कानडी आणि उर्दूची वाक्यं शेजारीशेजारी मांडलेली आहेत. शब्द ज्याचे त्याचे, घडण मात्र जवळजवळ एकच.

तरी सगळं श्रेय कानडीला द्यायला मी तयार नाही. कानडीत ‘नीनु बंदे’मध्येही (तू आलास किंवा आलीस) लिंगभेद नसतो. केवळ तिचंच अनुकरण असतं तर ‘तू’ची रूपंही एक झाली असती, पण आपल्याकडे ‘कवा आलीस गे?’ आणि ‘कवा आलास रे?’ हा फरक ठणठणीत आहे. मग ‘मी’च का बदललं? मला वाटतं, वाट मराठीतच तयार होती. ‘मी येईन’ दोघंही म्हणतात. ‘मी भाकरी खाल्ली’मध्ये क्रियापद भाकरीच्या मागं जातं, खाणाऱ्याचं लिंग कळतच नाही. आणि ‘आम्ही आलो’ तर पुण्यातल्या बायकाही रोज म्हणतात, त्याच ‘ओ’सकट. एवढ्या ठिकाणी भेद नसताना ‘आलो-आले’, ‘जातो-जाते’ अशा थोड्याच रूपांत तो उरला होता. शेजारच्या कानडीनं तिथं जरासा धक्का दिला असावा. दोन भाषा एकाच घरात नांदतात तेव्हा बदल बहुतेक असाच, आधीच सैल असलेल्या जागी होतो.

कोल्हापूरकडच्या बायकाही ‘मी आलो’ म्हणतात, तेव्हा हे फक्त बेळगाव-खानापूरचं नाही.

पुण्यात परीक्षेच्या पेपरात ‘आले’ लिही, तिथं प्रमाणभाषेचा नियम लागतो. घरी फोन लावलास की ‘आलो’च म्हण. आणि मैत्रिणींना एकदा विचारून बघ, चौघी मिळून दारात उभ्या राहिल्यावर त्या आतल्यांना काय हाक देतात.