उद्योजकांचे प्रश्न : डाय बनवण्याआधी की नंतर?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचा चौदा माणसांचा कारखाना असून आम्ही घरघंट्या बनवतो. नव्या मॉडेलच्या डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) तयार आहेत, परंतु यंत्र जुनाट दिसते असे विक्रेते म्हणतात. डिझायनरने सांगितलेले मानधन आम्हांला जड वाटते. एवढ्याशा कारखान्याने हा खर्च करावा का? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : या मॉडेलसाठी करू नये, पुढच्यासाठी अवश्य करावा. डाय तयार झाल्यावर डिझायनरच्या हाती रंग, मुठी आणि स्टिकर एवढेच उरते. बहुतेक लहान कारखानदार नेमके तेव्हाच त्याच्याकडे जातात आणि मग डिझाइनच्या नावाने बोटे मोडतात.

पुढच्या वेळी आपली घंटी वापरणाऱ्या चार-पाच घरी त्याला घेऊन जा आणि दळण सुरू असताना न बोलता पाहत राहा. डबा ओढताना काठावर सांडलेले पीठ कशाने गोळा केले जाते, जाळी बदलताना हात कुठे अडतो, हे तिथेच दिसेल. आतल्या ज्या कोपऱ्यात बोट पोचत नाही, तिथे साचलेल्या पिठाला पावसाळ्यात जाळे धरते. विक्रेत्याला त्यासाठी ‘जुनाट’ हा एकच शब्द सापडत असावा. तो कोपरा गोलसर करायचा, तर आपल्या प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर) पत्रा तसा वळतो का, हे डिझायनरने आपल्या फिटरशेजारी उभे राहून ठरवले पाहिजे. नुसती संगणकावरची सुबक चित्रे पाठवणारा डिझायनर आपल्या कामाचा नाही. मग पुठ्ठ्याचा किंवा थर्माकोलचा पूर्ण मापाचा नमुना करावा, कारण तो कापून बदलायला एक दुपार पुरते, डाय बदलायला नाही.

मानधन टप्प्याटप्प्याने ठरवा, म्हणजे पाहणीनंतर थांबण्याची मुभा राहते. 1969 साली सुरू झालेल्या आयआयटी मुंबईच्या औद्योगिक डिझाइन केंद्रातही (आताचे आयडीसी स्कूल ऑफ डिझाइन) विचारून पाहा. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून कल्पना चांगल्या मिळतात, मात्र उत्पादनापर्यंतचा पाठपुरावा आपल्यालाच करावा लागतो.

प्रश्न : नवे रूप दुसऱ्याने उचलले तर? – तेच वाचक

उत्तर : डिझाइन अधिनियम, 2000 नुसार बाह्यरूपाची नोंदणी 10 वर्षांसाठी होते व पुढे 5 वर्षे वाढवता येते. यंत्र आतून कसे चालते, याला ती लागू नाही. विक्रेत्यांना छायाचित्रे पाठवण्यापूर्वीच अर्ज करा, कारण रूप आधीच उघड झाले की त्याचे नावीन्य संपते. मूळ कॅड फायली (संगणकावरचे आराखडे) आणि त्यांचे हक्क आपल्याकडे राहतील, हे डिझायनरशी होणाऱ्या करारात पहिला हप्ता देण्याआधी लिहून घ्या.